राणीच्या विहिरीला संदर्भ हवा

मोहियुद्दीन मुकादम आंबेशेत गावाचा इतिहास लिहायला बसले ते डिसेंबरातल्या एका धुकट सकाळी, आणि पहिल्याच ओळीला अडले. ओळ अशी होती : 'कर्जत आणि खालापूर यांच्यामध्ये, घाटाच्या पायथ्याशी आंबेशेत नावाचे एक सुंदर गाव आहे.'

"सुंदर कशावरून?" त्यांच्या मुलीने विचारलं.

मुलगी म्हणजे फराह. कर्जतच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मोबाइलवर जे सापडेल ते उचलून प्रकल्पात चिकटवणाऱ्या मुलांना ती तीन प्रश्न विचारायला शिकवत असे. हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं? कॉलेजात या प्रश्नांचा कितपत उपयोग झाला ते सांगता येत नाही, पण घरात मात्र त्यांनी उच्छाद मांडला होता. दूधवाला पाणी घालतो, असं झीनत, म्हणजे मोहियुद्दीन यांची बायको, परवाच म्हणाली, तर फराहने लगेच "कशावरून?" म्हणून विचारलं. झीनतने "चहावरून" म्हणून कप तिच्यापुढे सरकवला, तेव्हा कुठे तो विषय मिटला.

मोहियुद्दीन यांची सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजकेंद्रात, मीटरच्या काट्यांकडे बघण्यात गेली होती. काट्याने दाखवावं आणि माणसाने वहीत उतरवावं, मध्ये शंका कसली ती नाही. त्यामुळे काचेमागे जे दिसेल ते खरं, अशी त्यांची अंगातच मुरलेली श्रद्धा होती. निवृत्तीनंतर काटे गेले आणि हातात मोबाइल आला. काच तीच, म्हणून श्रद्धाही तीच राहिली.

'सुंदर' हा शब्द खोडून त्यांनी मोबाइलवर गावाचं नाव टाकलं. ज्यात कुणीही लिहू शकतो आणि कुणीही खोडू शकतो अशा एका ज्ञानकोशात आंबेशेतवर चक्क एक पान निघालं. त्यांना भरून आलं. आपल्या गावाची दखल जगाने घेतली, या विचाराने त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"आंबेशेत येथे 'राणीची विहीर' प्रसिद्ध आहे. घाटावरून आलेल्या एका राणीचा लवाजमा तहानेने व्याकूळ झाला असता ही विहीर खोदण्यात आली. विहीर सुमारे तीनशे वर्षे जुनी असून सध्या मुकादम यांच्या अंगणात आहे."

सोबत फोटो होता. विहीर त्यांचीच होती. एवढंच नव्हे, तर त्या तीनशे वर्षांच्या ऐतिहासिक वास्तूवर बांधलेल्या दोरीवर त्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत होता.

"अहो, हा पायजमा तर गेल्या वर्षी फाटला," झीनत म्हणाली. फोटो किती जुना, हे अशा रीतीने घरातल्या घरात सिद्ध झालं. विहिरीचं मात्र तसं नव्हतं.

विहीर त्यांच्या अब्बांनी खणली होती. मोहियुद्दीन यांनी हे लहानपणापासून ऐकलं होतं. आता जगाचं अज्ञान दूर करणं हे इतिहासकार म्हणून आपलं कर्तव्य आहे असं समजून त्यांनी त्या पानावरची राणी खोडली आणि तिथे अब्बांना बसवलं. मग समाधानाने चहा प्यायला गेले. चहा संपवून येतात तो राणी परत आली होती. अब्बांच्या नावापाशी कुणीतरी चौकटी कंसात लिहून ठेवलं होतं, 'संदर्भ हवा'.

त्यांनी खाली लिहिलं, 'मी विहिरीचा मालक आहे. विहीर माझ्या वडिलांनी खणली.'

थोड्या वेळाने उत्तर आलं, 'आपण या विषयाशी संबंधित असल्यामुळे आपले म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. कृपया प्रकाशित, त्रयस्थ संदर्भ द्यावा.'

वीजकेंद्रात इतकी वर्षं ज्यांच्या सहीशिवाय पाळी बदलत नसे, त्या माणसाला स्वतःच्या अंगणातल्या विहिरीबद्दल हे ऐकावं लागलं. ते उठून विहिरीशी गेले, वाकून आत बघितलं. पाण्यात त्यांचा चेहरा दिसला. निदान विहिरीने तरी त्यांना ओळखलं.

"म्हणजे ज्याचा विहिरीशी काडीचा संबंध नाही, त्याने सांगितलं तर चालेल?" त्यांनी फराहला विचारलं.

"साधारण तसंच, अब्बू. त्यांचंही चूक नाही. नाहीतर उठेल तो आपलं घर किल्ला असल्याचं लिहील." मग ती म्हणाली, "आणि तुम्ही तरी कुठे बघितलीत खणताना? तुम्ही होतात तिथे?"

"मी कसा असेन? माझा जन्म विहिरीनंतरचा."

"म्हणजे ऐकीव."

हा घाव वर्मी बसला. स्वतःच्या बापाबद्दलची माहिती ऐकीव! खणताना बघणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची आई हवाबी. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ती शेलूला मोहियुद्दीन यांच्या बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये विश्रांती घेत होती. त्यांनी फोन लावला.

"अम्मी, आपली विहीर कुणी खणली?"

"खीर? केली होती रं. साखर कमी पडली."

"विहीर, अम्मी, विहीर!"

"तू ये, मग परत करू," असं म्हणून हवाबीने फोन ठेवला. फोनवर तिला निम्मंच ऐकू येई आणि उरलेलं ती आपल्या मनाने भरी. या बाबतीत ती ज्ञानकोशापेक्षा फार वेगळी नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. पहिला आला शेजारचा कोंडाजी. वळणावर त्याची चहाची टपरी होती, आणि अलीकडे रविवारी पाठीवर पिशव्या मारून डोंगर चढणारी मंडळी तिथे थांबत. "मोहीभाय, राणी हाय तं ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. "तुमचं काय खाते ती?"

दुसरा सल्ला झीनतचा. सरकारी नोंद काढा, सरकारपुढे ज्ञानकोश काय करणार? हे त्यांना पटलं. सातबारा आता मोबाइलवरही दिसतो, म्हणून त्यांनी तो काढला. त्यात जमीन होती, आंब्याची दोन झाडं होती, अब्बांचं नाव होतं. विहीर नव्हती. तलाठ्याकडे गेले तर त्यानेही कागद खालीवर करून सांगितलं, "काका, नोंदीप्रमाणे तुमच्या अंगणात विहीर नाही."

"अहो, आज सकाळीच तिच्या पाण्याने आंघोळ केली मी!"

"आंघोळीची नोंद आमच्याकडे नसते," तलाठी सहानुभूतीने म्हणाला. "विहीर लावून घ्यायची तर पंचनामा, अर्ज, खणल्याचा पुरावा. आणि नसलेल्या विहिरीचा पंचनामा कसा करायचा, ते विचारावं लागेल वरती."

कचेरीतून मोहियुद्दीन घरी परतले तेव्हा त्यांच्या डोक्यात दोन विहिरी होत्या. एक तीनशे वर्षांची आणि दुसरी मुळी नसलेली. तिसरी, जिचं पाणी ते पीत होते, तिचा वाली कुणीच नव्हता.

त्याच दुपारी त्यांना पहिल्यांदा राणीचं स्वप्न पडलं. थंडीत आंबेशेतात दुपार फार हळू सरते. घाटात चढणाऱ्या गाडीची घरघर लांबून येते आणि डोळे कधी मिटले ते कळत नाही. त्यांना दिसलं, धुक्यातून एक मेणा उतरतो आहे. भोई नाहीत, आवाज नाही, नुसता मेणा तरंगत येतो. तो विहिरीशी थांबतो. पडद्याबाहेर एक पाऊल येतं, बांगड्यांनी भरलेला हात येतो. राणी काठावर बसते, पाण्यात बघते आणि पाठमोरीच राहते. मोहियुद्दीन अदबीने विचारतात, 'आपलं नाव?' ती काही बोलणार एवढ्यात झीनत चहा घेऊन येते.

सांगायला संकोच वाटतो, पण पुढे पुढे ते त्या स्वप्नाची वाट बघू लागले. सकाळी विहिरीवर वाफेसारखं धुकं उठे तेव्हा रहाटापाशी कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटे. राणी खोटी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण खोटी म्हणून ती वाईट नव्हती. इतकी शांत, देखणी व्यक्ती आपल्या अंगणात येऊन बसते आणि आपण तिला हाकलण्यासाठी कचेऱ्या धुंडाळतो, याचं त्यांना मधूनच फार वाईट वाटे.

तरी कर्तव्य ते कर्तव्य. प्रकाशित संदर्भ हवा ना, मग तो प्रकाशित करवून घ्यावा, म्हणून त्यांनी तालुक्याच्या एका साप्ताहिकाच्या किरण नावाच्या बातमीदाराला बोलावलं. किरणने विहीर पाहिली, चहा घेतला, सगळं लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलवली. गाडीवर बसताना म्हणाला, "काका, काळजी नको. बाकीचा तपशील मी नेटवरून घेतो."

शुक्रवारी बातमी छापून आली. मथळा होता, 'राणीच्या विहिरीचे वारस सापडले!' मजकूर असा होता, की राणीच्या लवाजम्याची व्यवस्था पाहणारे जे मुकादम होते, त्यांचेच वंशज श्री. मोहियुद्दीन मुकादम आजही विहिरीची निष्ठेने राखण करत आहेत. फोटोत मोहियुद्दीन विहिरीपाशी उभे होते आणि खरोखरच राखण करत असल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळपर्यंत ज्ञानकोशातल्या राणीला संदर्भ मिळाला. किरणची बातमी.

फराहला हसू आवरेना. "बघा अब्बू, किरणने त्या पानावरून घेतलं. आता ते पान किरणचा दाखला देतंय. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून उभे आहेत आणि जमिनीवर पाय कुणाचाच नाही. मी मुलांना हे शिकवायला उदाहरण शोधत होते. तुमचं घेऊ?"

"घे," मोहियुद्दीन खिन्नपणे म्हणाले. "नाव बदल फक्त."

रविवारी माणसं येऊ लागली. जोड्याजोड्यांनी, घोळक्यांनी. विहिरीत वाकून 'आऽऽ' करून प्रतिध्वनी ऐकत. मोहियुद्दीन खरं काय ते सांगायला पुढे होत, तर "काका, जरा बाजूला होता? फोटोत येताय," असं नम्रपणे सांगितलं जाई. एका बाईंनी तर "तुम्ही इथले वॉचमन का?" म्हणून विचारलं आणि वर मुतारी कुठे आहे तेही विचारलं. झीनतने पायजमे आत वाळत घालायला सुरुवात केली. घराची अब्रू निदान तेवढी तरी वाचली.

इथवर सगळं गमतीवारी गेलं असतं. पण गर्दी बघून ग्रामपंचायत जागी झाली. सरपंच नम्रताताई तरुण होत्या, उत्साही होत्या आणि गावाला पर्यटनस्थळ करण्याचं त्यांच्या मनात होतं. त्या स्वतः घरी आल्या, अदबीने बसल्या आणि म्हणाल्या, "चाचा, ग्रामसभेत ठराव घेतोय. विहीर गावाचा वारसा म्हणून जाहीर करायची. लोखंडी कठडा, माहितीचा फलक, बसायला बाकं. तेवढा तुमचा पंप मात्र काढावा लागेल. वारशात पंप बरा दिसत नाही."

त्या पंपावर मुकादमांचं घर, कोंडाजीचं घर आणि मागची दोन घरं पाणी भरत होती. नळाचं पाणी चार दिवसांआड, तेही आलं तर. कोंडाजी धावत आला. त्याची राणीवरची माया एका क्षणात आटली.

"मोहीभाय, पंप काडला तं आमी काय राणीकडं पानी मागायचं? खोटी हाय ती राणी. सांगून टाका!"

"कधीपासून सांगतोय मी!" मोहियुद्दीन ओरडले. वीजकेंद्रात ते कधी ओरडले नव्हते.

आता फराह कामाला लागली. ज्ञानकोशातल्या पानाच्या आधी हे कुणी लिहिलं, त्याच्या आधी कुणी, असं मागे मागे जात ती एका डोंगर चढणाऱ्या मुलाच्या लेखापाशी पोचली. लेख चार वर्षांपूर्वीचा होता. राणी, लवाजमा, तहान, सगळं तिथून निघालं होतं. आणि लेखाच्या तळाशी, बारीक अक्षरात, आभार मानले होते : 'माहितीबद्दल वळणावरच्या चहावाल्या काकांचे आभार.'

बाप-लेक दोघंही टपरीवर जाऊन उभे राहिले. कोंडाजी चहा गाळत होता, तो गाळायचा थांबला.

"मी कुठं खोटं बोललो?" तो म्हणाला. "आमचा बा म्हनायचा हिला राणीची विहीर. त्या पोरानं इचारलं, कुठली राणी. मी म्हनलो, घाटावरून आलेली. बा तसंच म्हनायचा. आता लवाजमा-बिवाजमा त्यानं घातला असंल."

"आणि तीनशे वर्षं?"

"त्यो म्हनला, जुनी हाय का? मी म्हनलो, लय जुनी."

"पण तुझ्या बानं कशावरून म्हटलं, काका?" फराहने तिसरा प्रश्न विचारला.

"ते बाला इचारायला पायजे व्हतं," कोंडाजी म्हणाला, आणि वर आभाळाकडे बघितलं. "माझ्या बानं आन् तुझ्या आज्यानं मिळून खणली ती. मग त्योच राणीची का म्हनायचा, अल्ला जाने."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी हवाबी शेलूहून परतली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंगावर मुलीने दिलेली नवी शाल. सकाळी उठल्या उठल्या, कुणाला न सांगता, ती विहिरीशी जाऊन बसली. धुकं इतकं दाट होतं की घरातून फक्त शालीचा रंग दिसत होता. मोहियुद्दीन चहाचा कप घेऊन गेले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक अक्षर तोडून त्यांनी विचारलं, "अम्मी, हिला राणीची विहीर का म्हणायचे?"

हवाबीने चष्मा काढला. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच इतकं लख्ख बघत होती. पोराकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"कोन बोललं तुला?"

"मोबाइलवर आहे."

"या अल्ला," ती म्हणाली, आणि शालीचं टोक तोंडावर घेतलं. मोहियुद्दीन यांना वाटलं ती रडते. ती हसत होती.

मग ती थांबत थांबत सांगू लागली. तिचे वडील ठाकुरवाडीला रेल्वेत सांधेवाले होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. घाटातलं एवढंसं स्टेशन, पण दाराशी रेल्वेचा नळ होता. पाणी कुठून आणायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. लग्न होऊन ती घाटावरून खाली आली, वऱ्हाड घेऊन, मे महिन्यात. इथे ओढा आटलेला, आणि नदी ही एवढी लांब.

"पैल्या दिवशी दोन हंडे आनले नि दारात बसून रडले. सगळं वऱ्हाड तहानेनं बोंबलत होतं. तुजे अब्बा बोलायचे नाय कधी फार. त्या दिवशी बोलले." तिने चहाचा कप हातात फिरवला.

"काय बोलले?"

"बोलले, माजी राणी पाणी नाय वाहणार." शाल पुन्हा तोंडावर गेली. "कोंडाजीचा बा तिथं उभा होता मेला. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दोघं कुदळ घेऊन लागले. दोन उन्हाळे खणत होते. नि तो सारखा चिडवायचा, चला, राणीच्या विहिरीवर चला. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते."

धुक्यातून घाटातल्या गाडीचा आवाज आला. मोहियुद्दीन यांनी मनातल्या मनात ते पान वाचून बघितलं. घाटावरून आलेली राणी. तहानेने व्याकूळ लवाजमा. तीनशे वर्षं सोडली तर एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं पान चूक होतं. काठावर त्यांची आई बसली होती, थंड होत चाललेला चहा हातात घेऊन, आणि पाण्यात बघत होती. तिला राणी म्हणणारं कुणी असेल, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते तिच्या शेजारी, काठावर, जागा करून बसले.

"अम्मी," ते म्हणाले, "उद्या ग्रामसभेत हे सांगशील?"

"येडा झालास का? पोरीबाळी असतात तिथं!"

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. ठराव वाचून झाला. मोहियुद्दीन यांनी उभं राहून विहीर खाजगी असल्याचं सांगितलं, तर ग्रामसेवकाने नियमाप्रमाणे पुरावा मागितला आणि किरणची बातमी वाचून दाखवली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने काठी आपटल्याचा आवाज झाला. काळा चष्मा लावून हवाबी उभी होती.

"ती विहीर माज्या घरवाल्यानं खणली. ह्याच्या बानं नि त्यानं," तिने काठीने कोंडाजी दाखवला. "माती मी उचलली. पंप ऱ्हायल."

ग्रामसेवक खाली कागदात बघू लागला. प्रत्यक्ष माती उचललेलं माणूस पुढे उभं राहिलं तर काय करायचं, याबद्दल त्यात काही नसावं.

"पण आजी," नम्रताताईंनी अगदी आदराने विचारलं, "मग तिला राणीची विहीर का म्हणतात?"

हवाबीने चष्मा सारखा केला. सगळी सभा तिच्याकडे बघू लागली. फराहने बापाकडे बघितलं, बाप आपल्या चपलांकडे बघत होता.

"ते नाय सांगायचं," हवाबी म्हणाली, आणि तिने पदराचं टोक ओढून घेतलं.

पुढच्या रांगेत बसलेल्या दोन म्हाताऱ्या आधी हसल्या. मग त्यांच्या मागच्या. मग हसू बायकांच्या बाजूने सगळीकडे पसरत गेलं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. नम्रताताईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या लाजल्या आणि त्यांनी ठरावाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "पुढचा विषय घ्या," त्या म्हणाल्या.

ज्ञानकोशातलं पान आजही तसंच आहे. आता मोहियुद्दीन यांच्याकडे प्रत्यक्ष साक्षीदाराचा पुरावा होता, पण तो छापायला साक्षीदाराची सक्त मनाई होती. फराहने सुचवून बघितलं की निदान 'खणणाऱ्याचे नाव' तरी पानावर घालावं. तेवढ्यासाठीही संदर्भ लागेल, हे दोघांना कळत होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, की आपला इतिहास आपण छापू, मग ज्याला दाखला हवा त्याने तो घ्यावा.

पावसाळ्याच्या आधी पुस्तिका छापून आली. बारीकशीच आहे. 'आंबेशेत नावाचे एक गाव आहे,' अशी तिची सुरुवात आहे. सुंदर म्हटलेलं नाही. विहिरीवर अर्धं पान आहे. कुणी खणली, कुणाच्या मदतीने, किती उन्हाळे लागले, सगळं नावानिशी दिलेलं आहे. आणि पानाच्या तळाशी, फराहने शिकवल्याप्रमाणे, बारीक अक्षरात टीप आहे :

'राणीशी लेखकाने प्रत्यक्ष बोलून खात्री करून घेतली आहे. राणीच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही.'